दुसऱ्या पेटीतली चिठ्ठी

माझ्या आईवर अन्याय झाला तो गेल्या उपकारस्तुतीच्या रविवारी, वचन वाचून झाल्यावर आणि दानाची थैली फिरायच्या आधी. ठिकाण नामपल्लीजवळचं आपलं चर्च. तेलुगू उपासना संपली की त्याच बाकांवर आपली मराठी मंडळी बसते.

दारात दोन लाकडी पेट्या आहेत. एकीवर ‘विनंती’ लिहिलंय, दुसरीवर ‘उपकार’. आजारी असाल, नोकरी गेली असेल, तर चिठ्ठी पहिलीत. बरे झालात, नोकरी लागली, तर दुसरीत. चिटणीस दोन्ही उघडून मोठ्यानं वाचतात. नाव घेत नाहीत, पण कुणाला काय झालंय ते सगळ्यांना पाठ असतं.

आईच्या दोन्ही किडन्या गेल्यात. मंगळवार, गुरुवार, शनिवार डायलिसिस. त्या रविवारी तिनं उपकाराच्या पेटीत चिठ्ठी टाकली: ‘या आठवड्यात तिन्ही वेळा सुई पहिल्याच खेपेला लागली. शनिवारी मशीन बंद पडलं, तेव्हा चार तास बसायला धीर दिला. प्रभूचे उपकार.’

चिटणिसांनी ती विनंतीत वाचली. तीही बदलून. ‘आपल्या एका भगिनीला किडनीच्या आजारातून संपूर्ण आरोग्य मिळावं.’ सगळ्यांनी डोळे मिटले. आईनं मिटले नाहीत. मला दिसलं, म्हणजे मीही मिटले नव्हते.

नंतर चहा होता. आईला पाणी मोजून प्यावं लागतं, म्हणून ती दोन घोटांचा कप घेऊन चिटणिसांकडे गेली.

“भाऊ, माझी चिठ्ठी उपकाराच्या पेटीत होती.”

“हौ बाई, पाहिलं ना मी. गडबडीत चुकली असेल म्हणून सरकवली. बऱ्या व्हा तुम्ही, मग उपकारात दणक्यात वाचू.”

“आणि नाही झाले बरी तर?”

“असं बोलू नका. अविश्वास होतो त्यानं.”

“तुमचा गुडघा तीन वर्षं दुखतोय. इतके दिवस तुम्ही उपकार मानलेच नाहीत का?”

ते हसले आणि बिस्किटांकडे वळले. माणूस वाईट नाही. ऑटो मिळाली नाही तर स्कूटरवरून तेच आईला दवाखान्यात सोडतात. म्हणून तर मला जास्त लागलं.

मी पेशंट लोकांसाठी पत्रकं लिहिते. दवाखान्यातल्या बंद मशिनांबद्दलची पत्रकं गौलीगुड्याच्या बस स्टँडबाहेर मीच वाटली होती. त्याच आठवड्यात मी चर्चवर एक लिहिलं. माझी शाळा इंग्रजी-तेलुगूतली, त्यामुळे मराठी पत्रक आई तपासते. मंगळवारी सुई लागल्यावर तिनं मोकळ्या हातात पेन्सिल धरली आणि पहिल्याच वाक्यावर काट मारली. वाक्य होतं: ‘आठवड्यातून तीनदा मरण सोसणाऱ्या बाईचा आवाज दाबला.’

“मरण कुणी सोसलं?”

“आई, पत्रकात असंच लिहितात.”

“लिहीत असतील. मी इथं पडते, शेजारच्या अम्माशी गोंगुऱ्याच्या भाजीचं बोलते, घरी येते. चिटणिसानं मला विनंतीत टाकलं, तू तक्रारीत टाकलंस. मी काय लिहिलं ते कुणी वाचणार आहे की नाही?”

“तुला बरं व्हावंसं वाटत नाही?”

“वाटतं की. ते घरी मागते, रोज. चर्चमध्ये मी मिळालेलं सांगायला जाते. बरी होईस्तोवर गप्प बसले, तर इतके दिवस प्रभूनं माझं काहीच पाहिलं नाही असं होईल. पाहिलंय त्यानं. हात बघ माझा, अजून शीर मिळते.”

ते पत्रक मी फाडलं. तिच्याएवढा विश्वास माझ्यात नाही, हेही इथं लिहून ठेवते. मी अजून रागावूनच प्रार्थना करते.

गेले तीन रविवार तिला चर्चच्या पायऱ्या चढवत नाहीत. चिठ्ठी माझ्याजवळ देते. मी उपकाराच्या पेटीत टाकते, चिटणीस विनंतीत वाचतात. घरी आल्यावर ती विचारते, “वाचली?” मी म्हणते, “वाचली.” पुढचं ती विचारत नाही.

डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलंय, आता ती बरी होणार नाही. आईला त्यांनी सांगायच्या आधीच कळलं होतं. म्हणजे चिटणीस ज्या दिवसासाठी थांबलेत, तो दिवस येणार नाही. तिचे उपकार वाचायचे तर आत्ताच वाचावे लागतील.

या रविवारची चिठ्ठी मी आत्ताच पेटीत टाकलीय. चार ओळी आहेत, मागणं एकही नाही. हे नवं पत्रक मी दारातच तुमच्या हाती देतेय. ती चिठ्ठी विनंतीत वाचली गेली, तर डोळे मिटू नका. उभे राहा आणि म्हणा, ही दुसऱ्या पेटीतली आहे, आहे तशी वाचा.