वेईकाकूंच्या दारातला डबा

सुनीतीताई जोगळेकरांच्या पायाला भिंगरी आणि जिभेला धार. न्यूझीलंडमधल्या हॅमिल्टनच्या शाळेत दहा वर्षं गणित शिकवून झाल्यावर, पन्नाशीला टेकलेल्या असताना, २०१२ साली त्या चीनमध्ये कुनमिंगला शिकवायला गेल्या. मी त्यांच्या घरातला भाडेकरू. "शार्दूल, लिंबाला पाणी घाल, आणि माझ्या खोलीत तुझ्या त्या रबरी जँडल्स चपला दिसता कामा नयेत," एवढं बजावून निघाल्या. म्हाताऱ्या आईला, आशालताआजींना, त्यांनी जवळच राहणाऱ्या भावाकडे ठेवलं होतं.

कुनमिंगला समोरच्या दारात एक निवृत्त नर्स राहायच्या, आडनाव वेई. ताईंनी त्यांच्या वेईकाकू करून टाकल्या. नव्या शेजारणीला काहीतरी द्यावं म्हणून ताई आपल्या स्टीलच्या डब्यात शिरा घेऊन गेल्या. दोन दिवसांनी डबा परत आला, आत मुळ्याचं लोणचं. शेजाऱ्याचं भांडं रिकामं परत पाठवायचं नाही, हे वेईकाकूंनाही त्यांच्या आईने शिकवलेलं. ताई खूश. त्यांनी डबा पुन्हा भरला. असं तीन वर्षं चाललं! एकीची भाषा दुसरीला धड येत नव्हती; ताईंचं चिनी भाजीबाजारापुरतंच. सुट्टी लागली की ताई कधी बसने लाओसला, कधी व्हिएतनामला, एकदा कंबोडियालाही जाऊन आल्या. येताना डब्यात घालायला काहीतरी हमखास आणायच्या, वाळवलेली केळी नाहीतर खोबऱ्याच्या वड्या. मला मात्र नुसते फोटो यायचे. याचा राग मला अजून आहे.

२०१५च्या एका दुपारी आजी बाथरूममध्ये पडल्या. भाऊ दवाखान्यात अडकलेला, म्हणून फोन मीच केला, आणि ताई मिळेल त्या विमानाने निघाल्या. वेईकाकू त्या दिवशी बहिणीच्या गावी होत्या. परत येऊन त्या भरलेला डबा घेऊन समोर गेल्या, तर दाराला कुलूप. हे ताईंना शाळेतल्या एका बाईंनी नंतर कळवलं. आजींचं सगळं करता करता पत्र पाठवायला महिना गेला, आणि पत्राला उत्तर काही आलं नाही. पुढच्या वर्षी आजी गेल्या. ताई पुन्हा शाळेत रुजू झाल्या. पण वह्या तपासता तपासता मध्येच म्हणायच्या, "काकूंना वाटलं असेल, बया न सांगता पळाली."

२०१८मध्ये कुनमिंगच्या त्याच बाईंचा ईमेल आला. वेईकाकू मुलाकडे राहायला गेल्या होत्या, ऑकलंडच्या टाकानिनीला. म्हणजे आमच्यापासून सव्वा तासावर! ताईंनी मुलाला फोन केला. "रविवारी या," एवढंच तो म्हणाला.

मी गाडी काढली. ताईंच्या मांडीवर बेसनाच्या लाडवांचा खोका. अर्ध्या रस्त्यात त्यांनी खोक्याची दोरी चौथ्यांदा सोडून बांधली, तेव्हा मीच घाबरलो.

"अहो ताई, चिल. त्यांनी बोलावलंय ना?"

"मुलाने बोलावलंय. काकूंनी नाही."

एकसारख्या नव्या घरांच्या रांगेत आम्ही दोनदा चुकलो. मुलाने दार उघडलं, हसून इथल्या माओरी पद्धतीने "किया ओरा" म्हणाला. मागून वेईकाकू आल्या. त्या हसल्या नाहीत. लाडवांचा खोका घेतला, बाजूला ठेवला, आत गेल्या आणि एक स्टीलचा डबा घेऊन आल्या. झाकणावर कोरलेलं होतं, सु. जोगळेकर. ताईंनी घाईघाईने झाकण उघडलं. डबा घासून लख्ख केलेला, आणि रिकामा.

ताईंचा चेहरा पडला. "संपलं रे," त्या मला हळूच म्हणाल्या. मलाही फार वाईट वाटलं.

वेईकाकू चिनीत काहीतरी तुटक बोलल्या. मुलाने इंग्रजीत सांगितलं, "आई म्हणते, शेजाऱ्याचं भांडं भरून द्यायचं असतं. घरच्या माणसाशी असले उपचार कशाला?"

ताई तिथेच चपलांच्या स्टँडशेजारी मटकन बसल्या आणि रडायला लागल्या. आता काकू जवळ घेतील असं मला वाटलं. कसलं काय! त्यांनी कमरेवर हात ठेवले आणि अशी सुरुवात केली, की थांबेचनात. मुलगा म्हणाला, "हे मी ट्रान्सलेट करणार नाही, हं." गरजही नव्हती. पंधरा मिनिटं ताई मान खाली घालून बोलणी खात होत्या, नाक पुसत 'हो, हो' म्हणत होत्या, आणि त्यांना इतक्या सुखात मी कधीच पाहिलं नव्हतं.