लाटणं ऐकत नाही

परवा सोसायटीच्या गच्चीवर आम्ही सात बायका पापड लाटायला बसलो होतो. शेजारच्या शोभाताईंनी पिठाच्या डब्याला टेकवून मोबाईल उभा केला आणि सध्या प्रत्येक हळदीत वाजणारं ते गाणं लावलं. सगळ्या त्याच्याबरोबर गाऊ लागल्या. त्या गाण्यात प्रियकराला पहिल्या ओळीत 'तू' म्हटलंय, दुसऱ्या ओळीत 'तुम्ही', आणि क्रियापद दोघांपैकी कुणाचंच नाही. तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलेली मी; मला राहवेना. गाणं थांबवून मी ती ओळ नीट करून सांगितली.

बायका गुणी. लगेच सगळ्यांनी शुद्ध ओळ म्हणून पाहिली. पण ती दोन अक्षरांनी लांबली आणि सातही लाटणी एकदम अडखळली. शोभाताईंच्या पापडाचा तर नकाशा झाला.

"बाई, तुमचं बरोबरच आहे हो," त्या हसू दाबत म्हणाल्या, "पण लाटणं ऐकत नाही!"

मग पुन्हा ती चुकीची ओळ सुरू झाली आणि पापड भराभर गोल होऊ लागले. मी बघत राहिले. माझ्या लाल पेनाखालून किती वाक्यं सरळ होऊन गेली, पण त्यातल्या एकावरही कुणाचे खांदे असे डोलले नव्हते.

पुढच्या कडव्याला सगळ्यांत मोठा आवाज माझा होता. शोभाताईंनी माझा पापड उचलून उन्हात धरला, चहूबाजूंनी निरखला आणि म्हणाल्या, "बाई, पैकीच्या पैकी!"