आबांना उतरायला झाड लागायचं

आबांना सायकलवरून उतरायला झाड लागायचं. डावा पाय मांडीपासून नव्हता. उजवा पाय ट्यूबच्या रबरानं पायडलला बांधलेला, म्हणजे दाबताना जोर लागे तसा वर ओढतानाही लागे. थांबायचं झालं की ते रस्त्याकडेच्या एखाद्या लिंबाला सायकल भिडवत, डाव्या हातानं खोड धरत, उजव्यानं रबर सोडत आणि सायकलच्या नळीला बांधलेली कुबडी काढून खाली उतरत. "मला निघायच्या आधी थांबायचं बघावं लागतं," म्हणायचे.

आबा भेटले तेव्हा माझी बायको सुनंदा गेली त्याला तीन महिने झाले होते. मी नुकताच निवृत्त झालेलो. औरंगपुऱ्यातल्या घरात बसवत नव्हतं, म्हणून सायकल काढली आणि अजिंठ्याच्या रस्त्याला लागलो. बऱ्हाणपूरपर्यंत जायचं ठरवलं होतं. तिथं माझं कुणी नव्हतं. दुष्काळाचं दुसरं वर्ष होतं. रानं करडी पडलेली, रस्ता रुंद करायला घेतलेला, टँकर गेला की तोंडात धूळ. मला त्याचा त्रासही होत नव्हता.

सिल्लोडच्या पुढे पटका बांधलेला एक म्हातारा साध्या काळ्या सायकलवर माझ्या पुढे चालला होता. एका ठिकाणी त्यानं वेग कमी केला, डावा हात बाहेर काढला आणि सायकलसकट आडवा झाला. तिथं नुसता बुंधा उरला होता.

"इथं चिंच होती," पडल्या पडल्याच ते म्हणाले. "मागल्या खेपेला होती."

मी धावलो, त्यांच्या बगलेत हात घालू लागलो.

"धरू नका. धरलं की माझा तोल जातो. नुसतं झाडावानी उभं ऱ्हावा."

मी उभा राहिलो. माझा खांदा धरून ते उठले. तीन महिने जो तो मला काहीतरी करायला सांगत होता. जेवा, बोला, मन रमवा. या माणसाला माझ्याकडून नुसतं उभं राहणं हवं होतं, आणि तेवढं मला जमत होतं. पुढं दिवसभर तेच केलं. झाड नसेल तिथं मी आधी जाऊन थांबायचो, आबा येऊन खांद्याला हात लावायचे.

ते मूळचे चिकलठाण्याचे, धनगर. त्यांच्या चराईच्या माळावर आधी कारखाने आले, मग प्लॉट पडले. जालना रोडवर ट्रकनं पाय नेला. तेव्हापासून धाकटा भाऊ मेंढरं घेऊन हिंडायचा. त्या साली तो सोयगावकडं उतरला होता. कळपामागं चालणं आबांना शक्य नव्हतं, म्हणून दर महिन्याला ते मेंढरांची औषधं बांधून सायकलनं निघत.

"एसटीनं का नाही जात?" मी विचारलं.

"येष्टी थांब्यावर सोडती. मेंढरं काय थांब्यावर चरत्यात व्हय?"

घाटाच्या तोंडाशी पाणी पिताना त्यांनी एकदम विचारलं, "घरातलं कोण गेलं?"

"बायको."

"लई वर्सांचा संसार?"

"चौतीस."

त्यांनी मान हलवली. माझ्या हातातली बाटली घेऊन तिचं झाकण लावलं, परत दिली.

भावाच्या तळावर पोचलो तेव्हा मेंढरांचा जाळीचा वाडा रिकामा होता. भाऊ खाली मान घालून म्हणाला, "दादा, चारा नाय, पाणी नाय. डोळ्यादेखत मरत होती. काल व्यापाऱ्याला देऊन टाकली समदी." आबांनी माझ्या खांद्यावरचा हात काढला नाही. तसेच उभ्यानं, सगळ्यांसमोर, मोठ्यानं रडले. एकेका मेंढीचं नाव घेऊन रडले. त्यांना कुणी गप्प करायला गेलं नाही. मग पटक्याच्या टोकानं तोंड पुसून म्हणाले, "भाकर हाय का रं?" मी हे सगळं बघत होतो. मला काहीच वाटलं नाही, हे खरं सांगितलं पाहिजे.

बऱ्हाणपूर राहिलं. दुसऱ्या दिवशी आम्ही मिळूनच परत फिरलो. घाट आबांनी एका पायावर, एकदाही न उतरता चढला. मी सायकल ढकलत आलो.

कळप गेला तरी त्यांची सायकल थांबली नाही. दर रविवारी आम्ही फुलंब्रीपर्यंत जाऊन यायचो. "आता कशाला एवढं, आबा?" असं एकदा म्हणालो, तर म्हणाले, "घरी बसलं की गेलेला पाय दुखतो." अशी दोन वर्षं गेली. रस्ता रुंद झाला, गुळगुळीत झाला, कडेची झाडं गेली आणि मला जास्त ठिकाणी थांबावं लागू लागलं.

दिवाळीनंतर ते तापानं गेले. मला तिसऱ्या दिवशी कळलं. चिकलठाण्याला जाऊन आलो. त्यांच्या दोन खोल्यांना तिन्ही बाजूंनी इमारती भिडल्या होत्या. त्यांच्या सुनेनं चहा दिला, "तुमचं नाव लई घ्यायचे," म्हणाली. मी बरं म्हणालो. घरी येऊन कपडे बदलले, भात टाकला.

संध्याकाळी पुण्याहून मुलीचा फोन आला. नेहमीसारखंच तिनं विचारलं, "बाबा, बरे आहात ना?"

"नाही गं," मी म्हणालो. "ये दोन दिवस."