दर महिन्याला तोच आकडा

व्याज नाही, नफा झाला तर नफ्यात वाटा, तोटा झाला तर तोट्यात. शरियतच्या या नियमावर आमची बंगळुरूच्या एचएसआर लेआउटमधली कंपनी उभी होती. ॲपवरून लोकांचे थोडे थोडे पैसे गोळा करायचे आणि छोट्या धंद्यांत लावायचे. मी पुण्याहून आलेली, त्या धर्माची नव्हे. ॲपवरचा मजकूर लिहायचं काम माझं. पीण्याच्या औद्योगिक वसाहतीत लेथचा छोटा कारखाना असलेल्या एका गृहस्थांना मीच गळ घातली. मूळचे निपाणीचे, माझ्याशी मराठीच बोलत. मी त्यांना चाचा म्हणायचे. नवराबायकोच्या हजयात्रेसाठी साठवलेला पैसा व्याज नको म्हणून त्यांनी कधी बँकेच्या ठेवीत ठेवला नव्हता. माझ्या शब्दावर तो आमच्यामार्फत एका बेकरीत लावला.

पुढे कंपनीला वाढायची घाई सुटली. नफा कमीजास्त झाला की लोक बिथरतात, म्हणून साहेबांचं फर्मान निघालं: सगळ्यांना दरमहा सारखीच रक्कम द्या. बेकरीकडे हिशेब मागणंच बंद झालं. आधीच ठरवून दिलेली रक्कम म्हणजे व्याजच, एवढं मलाही कळत होतं. पण मूग गिळून बसले. वर रक्कम जमा झाल्याचा गोडगोड संदेशही लिहून दिला.

काही महिन्यांनी चाचा ऑफिसात आले आणि फोन माझ्यापुढे धरला.

"ताई, रमजानात बेकरी दुप्पट चालते. नंतर स्वल्प मंदी येते. मग आकडा एकच कसा?"

मी फोन परत त्यांच्याकडे सरकवला.

"जन्मभर धंदा केलाय मी. नफा असा येत नाही. खरा किती ते सांगा. तेवढा ठेवतो, बाकीचा देऊन टाकतो."

"खरा आकडा आमच्याकडेच नाही, चाचा."

"म्हणजे व्याज खाल्लं मी," ते म्हणाले. माझ्यावर ओरडले असते तर बरं झालं असतं.

आलेला सगळा पैसा त्यांनी पुण्य मिळेल अशी आशा न धरता गरजूंना वाटून टाकला. मुद्दल मात्र करारात अडकलेलं, हजयात्रा राहिली. त्याच आठवड्यात गुंतवणूकदार वाढले म्हणून ऑफिसात केक कापला. मीही खाल्ला, निर्लज्जासारखा.

पुढच्या पहिल्या तारखेला त्यांच्याकडून संदेश आला. आमच्या ॲपचाच, जसाच्या तसा मला पाठवलेला, त्यांचं स्वतःचं एक अक्षर नाही. तोच आकडा, आणि खाली मी लिहिलेली ओळ: 'मुबारक! आपला हलाल नफा जमा झाला.'