केसलरबाईंचं डावं दार

नागेश माझा आठवीतला विद्यार्थी. गणिताचं उत्तर पुस्तकातल्या उत्तराशी जुळलं नाही, तर पुस्तकच चुकलं असेल म्हणायचा. आता जर्मनीत नेकारसुल्मच्या मोटार कारखान्यात सुटे भाग तपासतो. संशय घेण्याचाच पगार मिळतो म्हणा ना.

गेल्या मे महिन्यात मी त्याच्याकडे राहायला गेले होते. शेजारच्या चौऱ्याऐंशी वर्षांच्या केसलरबाईंकडे त्यांच्या दिवंगत नवऱ्याची १९३६ सालची डॅटसन होती. चिमुकली जपानी गाडी. सगळे पत्रे मूळचे आहेत असं एखाद्या जाणकाराने लिहून दिलं, तरच प्रदर्शनात पहिली रांग मिळेल, असं जुन्या गाड्यांच्या क्लबने कळवलं होतं. नवऱ्याचं नाव त्या रांगेत लागावं, एवढीच केसलरबाईंची इच्छा.

नागेश लोहचुंबक घेऊन गेला, मीही गेले. पत्र्याला चुंबक चिकटतो, पुट्टी भरलेल्या जागी घसरतो. केसलरबाई गॅरेजच्या तोंडाशी खुर्ची टाकून त्याच्या हातांकडे बघत बसल्या.

"बाई, त्यांना वाटतंय मी कार्बोरेटर खिशात घालीन," नागेश मराठीत पुटपुटला.

"आणि तुला काय वाटतंय?"

"त्या काहीतरी लपवताहेत."

जेवताना त्याची बायको मीनल म्हणाली, "लग्नाआधी माझ्या बाबांनाही चुंबक लावून बघितला असशील!"

"लावणार होतो. ते जागचे हलले."

दुसऱ्या दिवशी चुंबक सगळीकडे नीट चिकटला. तरी नागेशने डाव्या दाराच्या आतून हात फिरवला आणि थांबला. पत्र्यावर हातोडीचे बारीक ठोके होते.

"हे कारखान्यातलं नाही. कुणी केलं?"

केसलरबाई खुर्चीतून उठून दारापाशी आल्या. मग म्हणाल्या, "मी."

त्यांचे वडील पत्र्याचं काम करायचे, त्यांच्याकडून शिकलेल्या. जुनं दार गंजलं तेव्हा त्यांनी नवं ठोकलं. नवऱ्याने मात्र क्लबात सांगितलं, दार जपानहून मागवलं. चाळीस वर्षं त्या गप्प राहिल्या.

नागेशचा अजूनही विश्वास बसेना. त्याने एक पत्र्याचा तुकडा आणि हातोडी पुढे केली. त्यांनी दहा मिनिटांत त्याला दाराचा तोच बाक आणला.

"खरं लिहिलं तर पहिली रांग जाईल," नागेश म्हणाला.

"जाऊ द्या. लिहा. पण सही करण्याआधी मला दाखवा."

गाडीला मागची रांग मिळाली. फलकावर नवऱ्याचं नाव होतं आणि त्याखाली 'डावं दार: इर्मगार्ड केसलर'. त्यांनी तो दोनदा वाचला, चष्मा पुसला, आणि पुन्हा एकदा वाचला.