अपील कुणीच केलं नव्हतं

अक्षर वेडंवाकडं म्हणून मी एका पोरावर पोलीस ठाण्यात छडी उगारली होती. निवृत्त झाले, आजी झाले, तरी ती केस डोक्यातून जात नाही. तेव्हा मी नवी फौजदार होते. कडक इस्त्री, करडी नजर आणि आत निव्वळ बावळटपणा.

मंगळवार पेठेतल्या दोन मंडळांची क्रिकेटची फायनल होती. संध्याकाळी खबर आली, "मॅच विकली." खबर देणारा हरलेल्या संघाचाच कॅप्टन. थोड्याच धावा हव्या असताना त्यांचा भरवशाचा फलंदाज आपणहून मैदान सोडून निघाला होता. अपील नाही, अंपायरचा निर्णय नाही. चिडलेली पोरं त्याच्या दारात जमली, म्हणून आम्ही त्याला ठाण्यात आणलं.

"किती घेतलेस?"

"कॅच झालता, मॅडम. बॉल हाताला लागून कीपरकडं गेला."

"कुणी बघितलं?"

"मला लागला की!"

"मग गप उभं राहायचं!"

हे मी म्हणाले. वर्दीत, खुर्चीवर बसून!

पोरगा पोलीस भरतीत मैदानी चाचणी पास झाला होता. केस झाली की भरती संपली, हे दोघांनाही ठाऊक. मी तेच दाबून बघितलं. तो शब्द बदलेना.

शेवटी जबाब त्याच्याच हातानं लिहायला लावला. ओळी वेड्यावाकड्या, पेन थरथरतंय. मला वाटलं, सापडला चोर! छडी उचलली.

"हात पुढं कर."

त्यानं डावा केला.

"उजवा!"

उजवा पुढं आला आणि छडी हवेतच राहिली. तर्जनी काळीनिळी पडून टम्म सुजलेली. मंडळाच्या फाटक्या ग्लोव्हजमधून नेमकं तेच बोट बाहेर राहायचं. वर लेदर बॉल.

कॅप्टन बाकावरच बसला होता. सामन्यात त्या वेळी तो समोरच्या टोकाला फलंदाजीला होता. त्याला ते बोट दाखवलं. तो मान खाली घालून म्हणाला, "आवाज मलाबी आलता, मॅडम. पर कप गेला न्हवं आमचा!"

ठाण्यात खरं बोलणारा तो एकटाच होता आणि आरोपीच्या जागी आम्ही त्यालाच बसवलं होतं.

गुन्हा नोंदवला नाही. खोटं बोलणारा नजर कशी चुकवतो, घाम कसा पुसतो, हे प्रशिक्षणात शिकवलं होतं. खरं बोलणाऱ्याचंही पेन थरथरतं, हे मला त्या पोराकडून कळलं.

मीच त्याला दवाखान्यात नेलं. बोटाला पट्टी बांधून बाहेर आल्यावर त्याची माफी मागितली. तो पट्टीकडं बघत म्हणाला,

"मॅडम, बोट सुजलंच नसतं तर ओ?"