मागच्या खिडकीचा माल

मी तोंडाचा फटकळ आहे, हे आधीच सांगून टाकतो. अमरावतीच्या एका ट्रस्टच्या दवाखान्यात औषधांच्या काउंटरवर माझी वीसेक वर्षं गेली, आणि त्यातली निम्मी लोकांवर ओरडण्यात.

आमच्याकडे दोन खिडक्या. पुढची रस्त्याकडे, तिथे कोणीही यावं, छापील किमतीत औषध घ्यावं. मागची वॉर्डाच्या बाजूला, ती कार्डवाल्या गरीब पेशंटची. कंपन्या आमच्यासारख्या दवाखान्यांना पडत्या भावात माल देतात. पुढच्या खिडकीवर त्यातून जे सुटतं, त्यावर मागची खिडकी चालते, डायलिसिसची मशीन चालते, आणि ज्याच्या खिशात काहीच नाही त्याची सलाइनही त्यातूनच लागते. इन्सुलिनचं आणखी वेगळं होतं. त्या बाटल्या अगदी नाममात्र भावात यायच्या, पण मोजक्याच, आणि फक्त कार्डवाल्यांना द्यायच्या या अटीवर. एखादा गाडीवाला मागच्या खिडकीशी घुटमळला की मी त्याला सगळ्यांसमोर सोलून काढायचो. "लाज नाही वाटत काय हो? गरिबाच्या ताटातलं उचलता?" लोक म्हणायचे, माणूस खडूस आहे पण सरळ आहे. मला ते ऐकायला फार आवडायचं.

आणि या सरळ माणसाचा जावई अकोल्याला. धाकट्या बहिणीचा नवरा. कापडाचं दुकान, दारात गाडी, अंगात साखर. इन्सुलिन परवडत नव्हतं असं अजिबात नाही. त्याला सवलतीची चटक होती. "आपला साळा दवाखान्यात हाय, आपल्याले काय कमी," असं तो चारचौघांत सांगायचा. एकदा आमच्याकडे मुक्कामी असताना त्याची बाटली फुटली, म्हणून मी एक दिली. मग दर महिन्याला फोन सुरू. आमच्यात जावयाला नाही म्हणत नाहीत. म्हटलं तर बहिणीला ऐकावं लागतं. आमचा एक म्हातारा पेशंट वारला होता, त्याचं कार्ड रद्द करायचं राहिलं होतं. जावयाच्या बाटल्या मी त्या मेलेल्या माणसाच्या नावावर टाकायला लागलो. हे लिहितानाही कान गरम होतात.

मागच्या खिडकीवर दर महिन्याला एक बाई यायची. नांदगाव पेठच्या बाजूला त्यांचा फुलांचा मळा. मळा कसला, चार वाफे. झेंडू-शेवंतीचे हार करून ती चौकात विकायची. तिच्या अकरा वर्षांच्या पोरीला लहानपणापासून साखर, दिवसातून दोनदा सुई. घरी फ्रिज नाही, म्हणून ती बाटली ओल्या वाळूतल्या मडक्यात ठेवायची. हे तिला मीच शिकवलं होतं. अर्थात, ओरडूनच.

एका महिन्यात माल कमी आला. शुक्रवारी तीनच बाटल्या उरल्या होत्या, आणि जावयाचा फोन आला. "सुरतेले लग्नाले चाललो, आठ दिवस. आहे तेवढ्या ठेवजा." मी तिन्ही कागदात गुंडाळून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात सारल्या. तासाभरात ती बाई खिडकीत.

"संपला माल," मी म्हटलं. "मंगळवारी येईन नवा, तवा येजा."

"एक बी नाही काय भाऊ? घरी दोन दिवसापुरतीच हाय."

"काहून, मी काय घरी नेऊन ठेवल्या काय?"

ती एवढीशी झाली. "तसं नाही म्हटलं जी." मग म्हणाली, "थोडी थोडी कमी देल्ली तं चालन काय?"

मी मान वर न करता म्हटलं, "डॉक्टरले विचारा." डॉक्टर त्या दिवशी सुटीवर होते, मला ठाऊक होतं. पुढच्या खिडकीवर छापील किमतीची इन्सुलिन होती आणि ती घ्यायची तिची ऐपत नव्हती, तेही ठाऊक होतं. संध्याकाळी जावई गाडी घेऊन आला, चहा प्याला, तिन्ही बाटल्या घेऊन गेला.

सोमवारी दुपारी त्या पोरीला बेशुद्ध अवस्थेत आणलं. श्वास नुसता धापा टाकल्यासारखा. आयसीयूच्या दारात डॉक्टर आईवर कडाडले, "सुई कमी का दिली? पोरगी हातची गेली असती!" मी सलाइनच्या बाटल्या घेऊन तिथेच पोचलो होतो. मला पाहून तिला आधारच वाटला.

"या भाऊले विचारा ना साहेब, मालच नव्हता. याहिचा काही दोष नाही. चुकलं माह्यंच."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. हो म्हणून हलवली! जगाला झापणारा मी, सलाइनच्या बाटल्या दारात टेकवून काउंटरवर परतलो.

चार दिवस आयसीयूत काढून पोरगी वाचली. पुढे महिन्याभराने मी अकोल्याला बहिणीकडे गेलो. पाणी घ्यायला फ्रिज उघडला, तर दारात आमच्याच सात बाटल्या, त्यातल्या दोन मुदत संपलेल्या. "असू द्या, घरात असलेल्या बऱ्या," जावई हसत म्हणाला. मी तिथेच त्याला फाडफाड बोललो. बहीण रडली, जावई ताटावरून उठला, आणि तेव्हापासून त्या घरी माझं जाणं बंद आहे. परत येताना एसटीत मला उगाच वाटत होतं की आपण फार मोठं काही केलं. शी! ओरडायला हवं होतं स्वतःवर, आणि ओरडून आलो दुसऱ्यावर. त्या म्हाताऱ्याचं कार्ड मात्र मी दुसऱ्याच दिवशी फाडलं.

दोन वर्षं गेली. बाई वेळेवर यायची, बाटली न्यायची, आणि पोरीचे रिपोर्ट वाईटच यायचे. पाय दुखायचे, वजन धरत नव्हतं. डॉक्टर चक्रावले होते. एका दुपारी खिडकीवर कोणी नव्हतं, तेव्हा मी तिला विचारलं.

तिने इकडेतिकडे पाहिलं. "कोणाले सांगू नका. तुमी आपले, म्हणून सांगतो. रोज सुईवरच्या दोन खुणा कमी देतो. बाटलीत थोडी थोडी राखून ठेवतो. पुन्हा माल नाही आला तं?"

उघडलेली बाटली महिन्यावर ठेवली की तिच्यात दम राहत नाही. मी ते सांगितलं, समजावलं, सवयीने ओरडलोसुद्धा. ती ऐकेना. "रिकाम्या हातापेक्षा बरी," एवढंच म्हणे. मग मी काउंटरच्या आतून बाहेर आलो.

"बाई, त्या दिवशी माल होता. तीन बाटल्या होत्या. मी माह्या जावयासाठी दाबून ठेवल्या होत्या. तुमची काही चूक नव्हती. पोरीले पुरी सुई द्या."

तिने मला शिव्या द्याव्यात असं वाटत होतं. दिल्या असत्या तर बरं झालं असतं, खरंच सांगतो. ती बराच वेळ पिशवीतली बाटली फडक्यात नीट गुंडाळत राहिली.

"म्हंजे माल असला तरी भेटन का नाही, ते तुमच्या मनावर हाय," ती म्हणाली.

"आता तसं होणार नाही बाई. शप्पथ सांगतो."

"नाही व्हनार भाऊ," तिने माझी समजूत घातली, आणि पिशवी उचलली. "पण मंग तं राखूनच ठेवा लागन."